रेनजॅकेटच्या आतली पट्टी सुटली, कंपनी म्हणते ‘वापराची झीज’. वॉरंटीत बसेल का?

रानजाई (पुणे), ४ ऑगस्ट २०२५

नमस्कार मंडळी,

आठवडाभर डोकं तापलंय, म्हणून इथे विचारतेय. ९ जून २०२४ला पुण्यातल्या एका दुकानातून ट्रेकिंगचं रेनजॅकेट घेतलं. ६,८०० रुपये. माझ्या पगारात ही रक्कम लहान नाही. दोन वर्षांची वॉरंटी आहे म्हणून मन घट्ट केलं आणि घेतलं. बाहेरून नायलॉन, आतून पांढरट कोटिंग आणि प्रत्येक शिवणीवर आतल्या बाजूने चिकटवलेली बोटभर रुंदीची अर्धपारदर्शक पट्टी. दोन पावसाळ्यांत मिळून चौदा ट्रेक झाले, सगळे एका-दोन दिवसांचे.

२६ जुलैला पाचनईमार्गे हरिश्चंद्रगडावर गेलो. त्या वाटेवर कड्यावरून पाणी अंगावरच येतं, ते माहीत होतं. पण अर्ध्या तासात उजव्या खांद्यावरून गार पाण्याची बारीक धार काखेपर्यंत उतरू लागली. घाम असेल असं समजून चालत राहिले. देवळापाशी पोचले तेव्हा आतला टी-शर्ट पिळून काढावा इतका भिजला होता. वर वारा असा की दात वाजायला लागले, आणि बुटाची नाडी सोडायला गेले तर बोटं वळेनात. मैत्रिणीने सॅकच्या तळातून कोरडा स्वेटर काढून दिला, गुहेतल्या दुसऱ्या ग्रुपने गरम चहा हातात ठेवला. तासाभराने माणसात आले. सह्याद्रीत जुलैमध्ये थंडीने इतकी हालत होऊ शकते हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

घरी येऊन जॅकेट उलटं केलं तर उजव्या खांद्यावरची पट्टी वीतभर सुटून लोंबत होती. डाव्या खांद्यावर कडेने उचललेली. मानेमागे कोटिंगचे पांढरे पापुद्रे, बोट फिरवलं की भुशासारखे पडतात. त्याच रात्री कंपनीला मेल केला, फोटो पाठवले. पाच दिवसांनी दोन ओळींचं उत्तर आलं: ही ‘नॉर्मल वेअर अँड टेअर’ आहे, शिवाय निगा नीट राखलेली दिसत नाही, वॉरंटी फक्त निर्मितीतल्या दोषाला. जॅकेट त्यांनी हातात घेऊन पाहिलेलंसुद्धा नाही.

माझ्या बाजूने लपवत काहीच नाही. जॅकेट तीनदा मशीनमध्ये नेहमीच्या कपड्यांच्या पावडरने धुतलं. पावसाळा संपल्यावर घडी घालून प्लास्टिकच्या पिशवीत माळ्यावर टाकलं. खिशाची चेनही हल्ली लावली तरी मागून उघडते. बिल आहे, पण अक्षरं जवळजवळ उडाली आहेत.

मला खरंच कळून घ्यायचंय. चूक माझी असेल तर गप्प बसेन. नसेल तर ६,८०० रुपये असे सोडवत नाहीत.

त्रिंगलवाडीकर (नाशिक), ५ ऑगस्ट

रानजाईताई, सुटलेल्या पट्टीला आत्ता काहीही करू नका. फेव्हिक्विक नको, इस्त्री नको. निकाल लागेपर्यंत जॅकेट आहे तसं राहू द्या. घरी केलेली दुरुस्ती दिसली की कंपनीला नाही म्हणायला आयतं कारण मिळतं.

मी सव्वीस वर्षं डोंगरात फिरतोय आणि गेली नऊ वर्षं आमच्या क्लबची जॅकेटं, तंबू, सॅक घरच्या टेबलावर दुरुस्त करतो. जूनपासून तुमच्यासारखी अकरा जॅकेटं आली. तुमच्या प्रश्नाला थेट हो किंवा नाही सांगता येणार नाही, कारण पट्टी का सुटली हे पट्टीच सांगते, आणि ती तुम्हाला स्वतः बघावी लागेल.

दिवसाउजेडी खिडकीशी बसा. लोंबणाऱ्या पट्टीचं टोक हलकेच वर धरा आणि तिच्याखालचं कापड बघा. खालचं कोटिंग अखंड, गुळगुळीत असेल आणि गोंद सगळा पट्टीलाच असेल, तर ती पट्टी नीट बसलीच नव्हती. कारखान्यात ही पट्टी गरम हवेने गोंद वितळवून आणि रोलरखाली दाबून बसवतात. उष्णता कमी पडली, दाब कमी पडला किंवा मशीन जास्त वेगाने चाललं, की पट्टी दिसायला बसलेली दिसते आणि वर्षभरात सुटते. हा सरळ निर्मितीतला दोष. पण पट्टीच्या पाठीला पांढरे पापुद्रे चिकटून आले असतील आणि खाली नुसतं विणलेलं कापड उघडं पडलं असेल, तर पट्टीने आपलं काम केलंय. तिच्याखालचं कोटिंगच मेलंय.

दुसरं, पट्टी कुठे कुठे सुटलीय ते बघा. कंपनी झीज म्हणते तेव्हा तिच्या डोक्यात सॅकचे पट्टे असतात. दहा-बारा किलोची सॅक दिवसभर खांद्यावर घासली की पट्टी सैल होते, हे खरंच आहे. मग हूड बघा. काखेतली शिवण बघा. खालचा घेर बघा. सॅकचा पट्टा जिथे कधी लागतच नाही अशा जागी पट्टी उचलली असेल, तर ‘घासून झिजलं’ हे उत्तर टिकत नाही.

आता कोटिंगबद्दल, कारण मानेमागचे पापुद्रे ऐकून मला जास्त काळजी वाटते. आपल्या बाजारात तीन ते सात हजारांत मिळणाऱ्या बहुतेक जॅकेटांत पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेनचा थर असतो. ओल आणि उष्णता एकत्र आली की हा थर हळूहळू तुटतो. आधी आंबूस वास येतो, मग चिकटपणा, मग पापुद्रे. जुने तंबू माळ्यावरून काढले की घडीला घडी चिकटलेली असते, तोच प्रकार. सगळं पीयू सारखं नसतं. पॉलिएस्टर जातीचं पाण्याने लवकर तुटतं, पॉलिइथर जातीचं बरंच जास्त टिकतं. लेबलवर दोन्हींना नुसतं ‘पीयू’च लिहितात, त्यामुळे घेणाऱ्याला काही कळत नाही, आणि मला हे मनापासून खटकतं. दहा हजार मिलिमीटर पाण्याचा दाब झेलतो असं मोठ्या अक्षरांत छापतात, पण तो आकडा कोऱ्या कापडाचा. दोन पावसाळ्यांनंतर त्यातलं किती उरेल हे टॅगवर कुठेच नसतं.

तुमची माळ्यावरची पिशवी ही चूक होती, ताई. पत्र्याखालच्या किंवा गच्चीखालच्या माळ्यावर एप्रिल-मे महिन्यात काय तापतं ते आपल्याला माहीत आहे, आणि प्लास्टिकच्या पिशवीत राहिलेली ओल बाहेर पडू शकत नाही. पावडरही बरोबर नव्हती. तिचा अंश कापडावर राहतो आणि पाणी ओढून घेतो. पण तेवढ्याने चौदा महिन्यांत कोटिंगचा भुसा होत नाही. माझ्याकडे २००४ साली घेतलेलं एक जॅकेट होतं. त्याचीही निगा मी काही शास्त्रशुद्ध राखली नव्हती, पापुद्रे मात्र आठव्या वर्षी निघाले. म्हणून कंपनीच्या दोन ओळी वाचून मागे फिरू नका.

अजून एक तपासा, नाहीतर पुढे गोंधळ होतो. जॅकेट भिजणं आणि जॅकेट गळणं या वेगळ्या गोष्टी आहेत. बाहेरच्या कापडावर पाण्याचे थेंब मोत्यासारखे उभे राहावेत म्हणून एक रसायन लावलेलं असतं. ते मळाने, घामाने, पावडरीने झाकलं जातं, मग कापड पाणी पिऊन गडद होतं आणि अंगाला गार लागतं. आतली वाफ बाहेर पडत नाही, घाम आतच थंड होतो आणि माणसाला वाटतं जॅकेट गळतंय. आपल्याकडे जुलैत हवाच इतकी ओली असते की कितीही महागडं कापड असलं तरी वाफ बाहेर ढकलायला जोर राहत नाही. मी लोकांना सांगतो, काखेत चेन असलेलं घ्या, ‘श्वास घेतं’ या शब्दावर जास्तीचे दोन हजार घालू नका.

तर ही परीक्षा करा: जॅकेट उलटं करून खांद्याचा भाग झोळीसारखा धरा, त्यात तांब्याभर पाणी ओता आणि खाली कोरडं वर्तमानपत्र पसरा. दहा मिनिटं थांबा. थेंब शिवणीच्या रेषेतून पडतात की कापडाच्या मधूनच घाम फुटल्यासारखे येतात, ते बघा. रेषेतून आले तर पट्टी, मधून आले तर कोटिंग. मोबाइलवर व्हिडिओ काढा, सुरुवातीला आतलं लेबल आणि त्यावरचा स्टाइल नंबर दिसू द्या. जॅकेट पूर्ण वाळवा आणि मग इथे लिहा. बिलाचा आजच उजेडात फोटो काढून ठेवा, पैसे मोबाइलवरून दिले असतील तर बँकेचा उताराही काढा. थर्मल कागदावरची अक्षरं अजून उडतील.

काउंटरपलीकडून, ५ ऑगस्ट

मी चार वर्षं अशाच एका दुकानात परत आलेल्या वस्तूंचं काउंटर सांभाळलं. आतून कसं चालतं ते सांगतो, म्हणजे ताईंना पत्र लिहायला सोपं जाईल.

बहुतेक ठिकाणी पहिलं उत्तर फोटो बघून दिलं जातं, आणि ते देणाऱ्याने हे जॅकेट कधी हातात घेतलेलं नसतं. त्याच्यासमोर दिवसाला चाळीस-पन्नास मेल असतात. फोटो अंधुक, लेबल दिसत नाही, बिल नाही, जॅकेटवर चिखल, अशी केस आली की ती ‘झीज’ या खान्यात जाते. मळलेलं जॅकेट तर आम्ही उघडायचोच नाही, घाम आणि बुरशीच्या वासाने दुसऱ्याचे कपडे खराब होतात. म्हणून पाठवण्याआधी कोमट पाण्यात हाताने धुवा, दोनदा खळबळा, सावलीत वाळवा.

त्या उत्तरावर चिडून लिहिलेले मेलही तसेच पडून राहायचे. ज्यांच्या मेलमध्ये ‘अमुक शिवण, अमुक लांबी, अमुक तारखेला दिसलं, वस्तू प्रत्यक्ष तपासा’ असं असायचं ते वर जायचे, कारण त्याला वरिष्ठांनी उत्तर देणं भाग असायचं. आणि फक्त कंपनीला लिहू नका. पैसे ज्याने घेतले त्या दुकानालाही त्याच मेलमध्ये ठेवा.

रानजाई, ७ ऑगस्ट

दादा, तुम्ही सांगितलंत तसं सगळं केलं. आई वर्तमानपत्र धरून शेजारी बसली होती.

थेंब शिवणीतून पडले. उजव्या खांद्यावर पहिला थेंब अर्ध्या मिनिटात, मग ओळीने. डावीकडे चार मिनिटांनी. कापडाच्या मधून काहीच नाही, फक्त मानेमागे तळहाताएवढा भाग दहा मिनिटांनी ओलसर झाला. पट्टीखालचं कापड खांद्यावर अगदी गुळगुळीत आहे, चमकतंय. गोंद सगळा पट्टीला, आणि त्यावर बारीक कापडाची वीणसुद्धा उमटलेली नाही.

आणि हूड! हूडच्या मधल्या शिवणीवर पट्टी आठ सेंटिमीटर उचललेली आहे. आजवर लक्षच गेलं नव्हतं, कारण हूड मी फार तर पाच-सहा वेळा डोक्यावर घेतला असेल. तिथे सॅक नाही, पट्टा नाही, काही नाही.

आता कसं लिहू?

त्रिंगलवाडीकर, ७ ऑगस्ट

ताई, हूडच्या त्या आठ सेंटिमीटरवर तुमची केस उभी आहे. त्याचा मोजपट्टी ठेवून फोटो काढा. खांद्याचं नंतर, आधी हूड.

मानेमागचे पापुद्रे पत्रात मागे ठेवा. तिथे घाम, तेल आणि केस सतत लागतात, त्यावर ते वाद घालतील आणि मुख्य मुद्दा बाजूला पडेल. उल्लेख करा, पण मागणी पट्टीची करा.

पत्र थोडक्यात लिहा. खरेदीची तारीख, दुकान, स्टाइल नंबर, वॉरंटीची मुदत ९ जून २०२६पर्यंत आहे हे. मग हूडची शिवण, खांद्याच्या शिवणी, प्रत्येकीची लांबी. पट्टीखालचं कोटिंग अखंड आहे आणि गोंद पट्टीवरच राहिलाय, म्हणजे चिकटवणं अपुरं झालं, हे एका वाक्यात. आणि शेवटी लेखी विचारा की ‘झीज’ हा निष्कर्ष कोणत्या तपासणीवरून काढला, आणि वस्तू प्रत्यक्ष तपासून लेखी कारण द्या. पंधरा दिवसांची मुदत घाला. मागणी स्पष्ट ठेवा: पट्टी नव्याने बसवून द्या, ते जमत नसेल तर जॅकेट बदलून द्या. नुकसानभरपाई, मनस्ताप वगैरे पहिल्या पत्रात घालू नका.

उत्तर नाही आलं तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तिथून कंपनीकडे विचारणा जाते आणि बऱ्याचदा तेवढ्यावरच काम होतं. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा २०१९नुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच तक्रार दाखल करता येते, कंपनीचं कार्यालय बेंगळुरूत असो की दिल्लीत. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकील असलाच पाहिजे असंही नाही. मुदत दोन वर्षांची, त्यामुळे आत्ता घाई नाही. पण प्रत्येक मेल, प्रत्येक तारीख जपून ठेवा. दुकानदाराने ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असं बिलावर छापलेलं असलं तरी घाबरू नका. बिलावरच्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांत, सदोष माल परत घ्यायला नकार देणं हीच त्या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा धरलेली आहे.

जॅकेट पाठवाल तेव्हा स्पीड पोस्टने, पावती जपून, आणि बांधण्याआधी चारी बाजूंनी फोटो.

आणि शेवटी नाहीच म्हणाले तरी जॅकेट मेलेलं नाही, हे लक्षात ठेवा. शिवणीवर लावायची पट्टी वीस-बावीस मिलिमीटर रुंदीच्या रोलमध्ये ऑनलाइन मिळते. जुनी पट्टी पूर्ण ओढून काढायची, मध्येच सोडायची नाही. शिवणीवरचा जुना गोंद आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचा, अर्धा तास वाळू द्यायचं. मग नवी पट्टी, तिच्यावर सुती रुमाल, आणि वाफ बंद केलेली इस्त्री मंद आचेवर. मी आधी टाकाऊ तुकड्यावर बघतो. कडेला पट्टी किंचित पारदर्शक होऊन कापडाची वीण तिच्यातून दिसू लागली की गोंद वितळला. तेवढ्यावर थांबायचं आणि गार होईपर्यंत लाकडी फळीने दाबून ठेवायचं. खांद्याला एका बैठकीत बसवतो, पण हूडला वळण असल्यामुळे तिथे दोन-दोन इंचांनी पुढे जावं लागतं. पट्टीला एकही सुरकुती पडू द्यायची नाही, सुरकुतीतून पाणी बोगद्यासारखं आत येतं.

कोणी म्हणेल शिंप्याकडून वरून एक शिलाई मारून घ्या. तसं करू नका. सुईचं प्रत्येक भोक म्हणजे पाण्याला दार. आमच्या वडिलांच्या काळातल्या रबरी रेनकोटला सायकलच्या पंक्चरचं सोल्यूशन आणि ट्यूबचा तुकडा लावला की चार वर्षं निघायची. वडिलांच्या रेनकोटला असे सात तुकडे होते आणि शेवटपर्यंत ते गळले नाहीत. पीयूच्या नायलॉनवर ते सोल्यूशन काही दिवसांत सुटतं, मी करून पाहिलंय. करवंदीच्या जाळीत फाटलं तर तयार चिकट पॅच मिळतो, त्याचे कोपरे कात्रीने गोल करा, नाहीतर कोपरा आधी उचलतो.

खिशाच्या चेनसाठी वॉरंटीत भांडू नका, ते वीस रुपयांचं काम आहे. दात शाबूत असतील तर बिघडलाय तो रनर. त्याची दोन पानं झिजून फाकतात आणि दातांना पुरेसं दाबत नाहीत. पकडीने दोन्ही बाजूंना अगदी हलकं दाबलं की महिनाभर चालतं. कायमचं करायचं तर रनर बदला. पाठीवर आकडा असतो, ३, ५, ८. तो साधारण बंद चेनच्या दातांची रुंदी मिलिमीटरमध्ये सांगतो. तोच आकडा घ्या, आणि दात दोऱ्याच्या वेटोळ्याचे आहेत की प्लास्टिकचे सुटे, हे दुकानदाराला दाखवा, कारण दोन्हींचा रनर वेगळा.

इसारकाठची, म्युनिक, ९ ऑगस्ट

मी मूळची कोल्हापूरची, बारा वर्षं इथे आहे. ताईंचं वाचून इथला अनुभव लिहावासा वाटला.

युरोपीय संघात नव्या वस्तूवर दोन वर्षांची कायदेशीर जबाबदारी विकणाऱ्यावर असते. कंपनीची वॉरंटी त्याहून वेगळी आणि वरची. जर्मनीत २०२२पासून पहिल्या वर्षात दोष दिसला तर तो मुळातच होता असं धरलं जातं, नव्हता हे दुकानाने सिद्ध करायचं. माझ्या जॅकेटची पट्टी अकराव्या महिन्यात सुटली तेव्हा मला एकही फोटो काढावा लागला नाही. तेराव्या महिन्यात सुटली असती तर मलाही वर्तमानपत्र पसरून बसावं लागलं असतं. फ्रान्समध्ये २०२३च्या नोव्हेंबरपासून कपडे आणि बूट दुरुस्त करून घेतले की बिलात सरळ ६ ते २५ युरोंची सूट मिळते. आपल्याकडे असं काही झालं तर रफू करणारे आणि चेन बदलणारे किती लोक पुन्हा धंद्यात येतील असं मला सारखं वाटतं.

एका गोष्टीबद्दल मात्र सावध करते, कारण इकडचे ब्रँड आता भारतातही मागवले जातात. ‘लाइफटाइम’ लिहिलेलं बघून भुलू नका. बऱ्याच कंपन्यांच्या अटींत ते आयुष्य वस्तूचं असतं, तुमचं नाही, आणि वस्तूचं आयुष्य किती हे कंपनी ठरवते. अमेरिकेत एल.एल.बीन ही भटकंतीचे कपडे विकणारी कंपनी वर्षानुवर्षं कितीही जुनी वस्तू परत घ्यायची, २०१८मध्ये तिनेही ते एका वर्षावर आणलं. आरईआय या तशाच दुसऱ्या कंपनीने २०१३मध्येच तसं केलं होतं. म्हणून मी आता खरेदी करताना वॉरंटीच्या वर्षांआधी एकच विचारते: हे दुरुस्त कुठे होतं, आणि किती दिवसांत?

आणि एक, पाणी झटकणाऱ्या रसायनाबद्दल. फ्लोरिनवाली जुनी रसायनं पर्यावरणाला घातक म्हणून मागे पडताहेत. नवीन जॅकेटांतलं रसायन पाणी झटकतं, पण तेल झटकत नाही. त्यामुळे मान, बाह्यांची टोकं, सनस्क्रीन लागलेल्या जागा लवकर पाणी पितात. जॅकेट कमी धुवा हा जुना सल्ला आता चालत नाही. मी दर चार-पाच वापरांनंतर धुते, अशा कपड्यांसाठी मिळणाऱ्या द्रव साबणाने, फॅब्रिक सॉफ्टनर अजिबात नाही. वाळल्यावर कपडा ठेवून मंद इस्त्री फिरवली की थेंब पुन्हा उभे राहतात. पण ताई, तुमची पट्टी बसवून येईपर्यंत इस्त्री नाही, दादांनी सांगितलंय तसं.

रानजाई, २१ सप्टेंबर

उशीर झाला, पण पूर्ण निकाल लागल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

८ ऑगस्टला पत्र पाठवलं, कंपनी आणि दुकान दोघांना. हूडचा मोजपट्टीचा फोटो सगळ्यात वर. बारा दिवस काहीच नाही. २० तारखेला १९१५वर तक्रार नोंदवली, आणि २३ला कंपनीतून फोन आला. एक बाई होत्या, बोलायला चांगल्या. त्यांनी एकच विचारलं, ‘हूड कधी दुमडून, दाबून ठेवला होता का?’ मी सांगितलं, हो, माळ्यावर घडी घालून ठेवला होता, पिशवीत. खोटं बोलावंसं वाटलं नाही. त्या म्हणाल्या, वस्तू पाठवा.

धुऊन, वाळवून २५ ऑगस्टला स्पीड पोस्टने पाठवलं. परवा परत आलं. सोबत कागद: खांदे आणि हूडची पट्टी ‘चिकटवण्यातील दोष’ म्हणून विनामूल्य नव्याने बसवली, मानेमागचं कोटिंग वॉरंटीत नाही. ते मला मान्य आहे. नवी पट्टी जुनीपेक्षा जरा रुंद आहे आणि तिच्यातून कापडाची वीण स्पष्ट दिसते, दादांनी लिहिलंय तशी. पहिल्या पट्टीत ती कधीच दिसत नव्हती, हे आता कळतंय.

काल रात्री पुन्हा झोळी करून पाणी ओतलं. दहाऐवजी वीस मिनिटं थांबलो. आईने वर्तमानपत्र उचलून दिव्याखाली धरलं, खांद्याखालचं आणि हूडखालचं दोन्ही. कोरडं. मानेमागे ओल आली, तिथे सध्या बफ (मानेभोवती घालायचा नळीसारखा रुमाल) गुंडाळून चालवणार आहे, आणि दिवाळीनंतर आतून कोटिंग लावायचा प्रयत्न करणार आहे. दादा, त्यासाठी तुम्हाला त्रास देईन.

जॅकेट आता कपाटात हँगरवर आहे, पिशवीशिवाय. चेनचा रनर अजून तोच. पाठीवर ५ आहे आणि दात वेटोळ्याचे. येत्या शनिवारी रविवार पेठेत जाऊन आणते. मैत्रिणीच्या सॅकचाही त्याच मापाचा गेलाय, तिच्यासाठीही एक घेईन.